उत्तर आधी सांगू नका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘गणित आणि गोष्ट’ या विषयावर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून.)



कमिटीने मला पंधरा मिनिटे दिली आहेत. मी बँकेत उभा जन्म काढलेला माणूस. दिलेल्या लिमिटच्या बाहेर जायचे नाही हे अंगवळणी पडले आहे. तेव्हा घड्याळाची काळजी करू नका, जेवण वेळेवर होईल.

काका आता व्याजदर आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींवर बोलणार, असे पुष्कळांना वाटले असेल. तसे काही नाही. आपल्याच सोसायटीतल्या एका दहावीतल्या मुलीने मला एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मी आज सर्वांसमोर देणार आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही. तिचा प्रश्न असा: “आजोबा, गोष्टी लिहिणं बंद केलं की गणितातले मार्क वाढतात का हो?”

ही मुलगी गोष्टी लिहिते. दोनशे पानी वही आहे तिची. जूनमध्ये दहावीचे वर्ष सुरू झाले आणि ती वही घरातल्या कपाटावर गेली. आता मार्चमध्ये परीक्षा संपेपर्यंत खाली यायची नाही, असे ठरले. यात तिच्या वडिलांना दोष देण्यासारखे काही नाही. ते चाकणला टूल रूममध्ये आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी जॉब रिजेक्ट होतो, असे काम. क्लासची फी त्यांनी ओव्हरटाइम करून भरली आहे. पोरीचे वर्ष वाया जाऊ नये, ही त्यांची काळजी खरी आहे. आणि ही एका घराची गोष्ट नाही. आपल्या तिन्ही विंगमध्ये अशी कपाटे आहेत. कुणाच्या कपाटावर वही असेल, कुणाच्या तबला, कुणाच्या रंगपेटी. म्हणून नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ न म्हणता मी जरा विस्ताराने सांगतो.

सुरुवात चाकणपासूनच करू. सत्तरच्या दशकात मी तिथल्या एका बँकेच्या शाखेत होतो. तेव्हा चाकण म्हणजे कारखाने नव्हेत. चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. कॉम्प्युटर नव्हता. जाडजूड लेजर, शाईचे पेन आणि संध्याकाळी बॅलन्सिंग. आकडे जुळले तर घरी, नाहीतर बसा.

एका संध्याकाळी ६३ रुपयांचा फरक निघाला. आम्ही दोघे-तिघे नवे होतो. लगेच लेजरची पाने पहिल्यापासून तपासायला लागलो. आमचे जुने अकाउंटंट तंबाखू मळत बसले होते. ते एवढेच म्हणाले, “त्रेसष्टाला नवाने भाग जातो का बघा. आणि जात असेल तर का विचारतोय, याचा विचार करा.” पुढे एक अक्षर नाही. आम्ही मनातून चिडलो, कारण त्यांना कळले आहे हे दिसत होते. पण त्यांनी सांगितले नाही. पाऊण तासाने आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

मुलांनो, आता लक्ष द्या, हे तुमच्या अभ्यासातले आहे. एखाद्या संख्येत शेजारचे दोन अंक चुकून उलटे लिहिले गेले, तर होणाऱ्या फरकाला नवाने भाग जातो. ५४ चे ४५ झाले, फरक ९. ८१ चे १८ झाले, फरक ६३. म्हणजे आमच्या ६३ ला नवाने भागून आले ७. तेव्हा साऱ्या नोंदी पुन्हा तपासायची गरजच नव्हती. ज्या नोंदीत शेजारच्या दोन अंकांमध्ये ७ चा फरक आहे, तेवढ्याच पाहायच्या. नोंद सापडली. एका शेतकऱ्याने कांद्याचे १९२ रुपये भरले होते, खात्यावर जमा झाले होते १२९.

चूक झाली कशी, तेही गमतीचे आहे. एकजण आकडे वाचून दाखवत होता, दुसरा लिहीत होता. वाचणारा म्हणाला, “एकशे ब्याण्णव.” आपल्या मराठीत ब्याण्णव म्हणताना आधी दोन ऐकू येतात, मग नव्वद. लिहिणाऱ्याच्या हाताने आधी दोन लिहिले! पुढे पुष्कळ वर्षांनी, २०१९ साली, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विधानसभेपर्यंत विषय गेला. त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. लहान मुले आकडे उलटे लिहितात, त्याचे एक कारण आपल्या संख्यानामांत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. टीका करणाऱ्यांचीही बाजू होती, त्यात मी पडत नाही. मला मात्र आमचे लेजर आठवले.

पुन्हा चाकणला येऊ. नोंद दुरुस्त झाल्यावर अकाउंटंट म्हणाले, “हा गृहस्थ अंगठा लावतो. पासबुक त्याला वाचता येत नाही. त्रेसष्ट रुपये गेले असते तर त्याला कळलंही नसतं.” त्या काळातले ६३ रुपये, मंडळी. कित्येक दिवसांची मजुरी. तेवढ्या वेळ जो नुसता आकडा होता, त्याच्यामागे एकदम एक माणूस उभा राहिला.

ही हकिगत मी गेल्या वर्षी त्या मुलीला सांगितली. ती तेव्हा नववीत होती, बीजगणित घेऊन माझ्याकडे आली होती. मी तिला नवाचा नियम सांगितला आणि विचारले, “नऊच का? आठ का नाही? शोधून काढ.” अकाउंटंटसाहेबांचाच वारसा चालवला म्हणा! चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी जिन्यातच तिने मला गाठले. दशकस्थानी क्ष, एककस्थानी य. संख्या झाली दहा क्ष अधिक य. उलटी संख्या दहा य अधिक क्ष. वजाबाकी केली की राहते नऊ गुणिले क्ष वजा य. नऊ तिथे असणारच! वर तिनेच मला ऐकवले, “पण आजोबा, याचा व्यत्यास खरा नाही. नवाने भाग गेला म्हणजे अंक उलटेच झालेत असं नाही. फक्त शंका घ्यायला जागा आहे.” आमच्या शाखेत पाऊण तासात आम्ही एवढे खोल गेलो नव्हतो.

आणि त्यानंतर तिने गोष्ट लिहिली. तो अंगठेबहाद्दर शेतकरी तिच्या डोक्यातून जाईना. “त्याला वाचता येत नव्हतं, म्हणजे त्याला कळलंच नसतं असं तुम्ही कसं धरून चाललात?” असा तिचा मला सवाल. तिच्या गोष्टीतला शेतकरी कमरेला सुतळी बाळगतो. दहा रुपयांना एक मोठी गाठ, एका रुपयाला एक बारीक गाठ. १९ मोठ्या गाठी, २ बारीक. पासबुक दुसऱ्याकडून वाचून घेतो आणि बँकेच्या पायरीवर बसून एकेक गाठ मोजत जातो. पुढे काय होते ते सांगत नाही. वही खाली आली की तिच्याकडूनच ऐका.

आता मला सांगा, त्या सुतळीत गणित कुठे संपले आणि गोष्ट कुठे सुरू झाली? स्थानिक किंमत तिला पाठ होतीच, दशक-एकक पहिलीपासून शिकतात. पण स्थानिक किंमत म्हणजे काय हे तिला कळले ते गाठी बांधताना, असे ती स्वतः म्हणते. तिचे आणखी एक वाक्य मी लिहून ठेवले आहे. ती म्हणाली, “गणित सोडवताना आणि गोष्ट लिहिताना मला सारखंच वाटतं. पुढे काय आहे ते माहीत नसतं, पण काहीही चालणार नाही हे माहीत असतं.”

मंडळी, यावर मी बरेच दिवस विचार केला. भूमितीत आपण काय लिहायचो आठवते? पक्ष, साध्य, सिद्धता. आणि सुरुवात कोणत्या शब्दाने? ‘समजा’. समजा, अबक हा त्रिकोण आहे. गोष्टीचीही सुरुवात तीच. समजा, एक म्हातारी होती. एकदा ‘समजा’ म्हटले की पुढे मनमानी चालत नाही. त्रिकोण समद्विभुज धरला तर शेवटपर्यंत समद्विभुजच राहिला पाहिजे. म्हातारी कंजूष धरली तर तिने मधेच उगाच दानधर्म करून चालत नाही. केलाच तर त्याला कारण पाहिजे. वाचणारा लगेच विचारतो, “हे कसं काय?” परीक्षकही तेच विचारतो.

याचे सगळ्यांत मोठे उदाहरण आपल्या पुण्यातच होते. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. मंगलाताई त्याआधी जुलै २०२३ मध्ये गेल्या. त्यांची ‘गणितगप्पा’ ज्यांनी वाचली नसतील त्यांनी जरूर वाचावीत. नारळीकर सर गणिती घराण्यातले. जन्म १९३८चा, कोल्हापूरचा. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. पुढे केंब्रिज, तिथे फ्रेड हॉईल यांच्याबरोबर विश्वरचनेचे संशोधन, आणि १९८८ साली गणेशखिंडीत सुरू झालेली ‘आयुका’. हे सगळे आपल्याला माहीत आहे. मला सांगायचे आहे ते त्यांच्या बनारसच्या घरातल्या फळ्याबद्दल.

त्यांच्या घरात शिकायला म्हणून मोरूमामा हुजूरबाजार राहायला आले होते. मामा स्वतः गणिताचे विद्यार्थी. ते घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एक कोडे लिहून ठेवायचे, वर मथळा, जे. व्ही. एन.साठी आव्हान! भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हरलो म्हणेपर्यंत ते फळ्यावरून पुसले जात नसे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात सरांनी हे लिहिले आहे. या पुस्तकाला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बघा हं, मामा घरातच होते. उत्तर त्यांना येत होते. शाळकरी भाचा समोर डोके खाजवत होता. तरी मामा गप्प राहिले. मोठ्या माणसाला गप्प राहणे किती अवघड असते ते आपण सगळे जाणतो.

हाच भाचा पुढे गोष्टी लिहू लागला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. तिला पहिले बक्षीस मिळाले. नंतर कळले की हे जगताप म्हणजेच नारळीकर. आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण नको, म्हणून टोपणनाव. आता ते नाव नीट पाहा. ना. वि. ज. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरे उलटी केलेली! म्हणजे तिथेसुद्धा त्यांनी आपल्यासाठी एक कोडे घालून ठेवले होते. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते, देशभर नाव झालेले होते. गोष्टी लिहिल्याने त्यांचे गणित बिघडले, असे कुणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. त्यांचे गुरू हॉईल यांनीही कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ साली आली. आणि २०२१ साली नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. खगोलशास्त्रज्ञ साहित्य संमेलनाचा अध्यक्ष!

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा इंग्रजीतून अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. तिथेही सगळा खेळ एका ‘समजा’चा. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली, हा आपला इतिहास. समजा ती कानाजवळून निघून गेली असती तर? एक पक्ष बदलला की साध्य कुठल्या कुठे जाते, ते त्या कथेत पाहावे. पण झाले काय? आमच्या शेजारचा मुलगा ती कथा ‘करत’ होता. वाचत नव्हता, करत होता! मी विचारले, “गंगाधरपंतांचं शेवटी काय झालं?” तर त्याने सारांश धडाधड म्हणून दाखवला. कथा वाचलीच नव्हती. आधी गाइडमधला सारांश, मग प्रश्नोत्तरे, झाले.

मला वाटते दुखणे इथे आहे. गणिताच्या गाइडमध्ये पायऱ्या तयार, कथेच्या गाइडमध्ये सारांश तयार. आता तर मोबाइलवर फोटो काढला की उत्तर हजर. मुलाला पाच मिनिटे अडून राहायची वेळच येऊ द्यायची नाही, अशी सगळी व्यवस्था. आपण पालकही प्रेमापोटी त्यात भर घालतो. अडला, सांगा. रडला, सांगा. पण अडलेला तो वेळच शिकण्याचा असतो. कोड्याचे उत्तर आधी सांगितले की कोडे मेले. गोष्टीचा शेवट आधी सांगितला की गोष्ट मेली. परीक्षेत मार्क मिळतील, नाही म्हणत नाही. पण पुढे जो प्रश्न गाइडमध्ये नसेल त्याच्यासमोर हे मूल बसणार कसे? आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यातल्या माणसांना हे मी सांगायला नको. मशीन बंद पडते तेव्हा त्याचे उत्तर मागच्या पानावर छापलेले नसते.

दोन्हींत फरकही आहे, तोही सांगतो, नाहीतर मुले मला पकडतील. गणिताचे उत्तर बरोबर की चूक, हे ताडून बघता येते. एकट्याने बघता येते. गोष्टीचे तसे नाही. ती कुणाला तरी वाचून दाखवावी लागते. समोरच्याचा चेहरा हाच तिचा ताळा. म्हणून गणिताला फळा लागतो आणि गोष्टीला ऐकणारा लागतो. दोन्ही घरात मिळाले तर उत्तम. घरात दुसरी पाळी, तिसरी पाळी असते, सगळ्यांना जमत नाही. मग सोसायटी कशाला आहे?

तर आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. गोष्टी लिहिणे बंद केल्याने मार्क वाढतात का? बाळा, गोष्टीच्या वहीत जाणारा वेळ वाचेल, हे खरे आहे. दहावीच्या वर्षी वेळेचा हिशेब ठेवावा लागतो, हेही खरे. पण ज्या डोक्याने तू नवाचा नियम सिद्ध केलास, त्याच डोक्याने सुतळीच्या गाठी मारल्यास. त्यातले निम्मे कपाटावर ठेवून उरलेले निम्मे जोरात चालेल, असा हिशेब मला तरी जुळत नाही. आणि तिच्या वडिलांना, ते समोर बसले आहेत, माझी हात जोडून विनंती आहे. रोज नको. रविवारी एक तास ती वही खाली काढा. ती वाचेल, तुम्ही ऐका. तुमच्याइतका बारीक फरक पकडणारा श्रोता तिला दुसरा मिळणार नाही.

कमिटीकडेही एक मागणे आहे. आपल्या लिफ्टशेजारी नोटीस बोर्ड आहे. पाणी कधी येणार आणि मेंटेनन्स कुणाचा थकला, एवढेच त्यावर असते. त्याच्या बाजूला एक साधा फळा लावावा. फळा आणि वर्षभराचा खडू माझ्याकडून. दर सोमवारी त्यावर एक कोडे लिहू. महिन्यातून एका रविवारी क्लब हाउसमध्ये तासभर मुलांनी लिहिलेल्या गोष्टी ऐकू. नियम एकच. कुणाही मोठ्या माणसाने उत्तर सांगायचे नाही. आलेच तोंडावर, तर लिफ्ट सोडून जिन्याने जायचे! आणि वर्षातून एकदा मुलांना आयुकात नेऊ. तिथे शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’, सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे. आणि ती उभी राहिली पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून. महाराष्ट्राला हसवणाऱ्या लेखकाचा पैसा मुलांच्या विज्ञानासाठी लागला. मग आपण दोन कपाटे वेगळी कशाला करायची?

फळ्यावरचे पहिले कोडे आत्ताच देऊन टाकतो. ते माझे नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले आहे. ११५० सालचे हे पुस्तक. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, म्हणजे आपल्या खानदेशाशी नाते आहे. लीलावतीत गणिते आहेत, पण त्यांत भुंगे आहेत, हंस आहेत, माकडे आहेत. साडेआठशे वर्षांपूर्वी या माणसाला ठाऊक होते की आकड्यांना गोष्ट लागते.

तर ऐका. एक खांब आहे, ९ हात उंच. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ. खांबाच्या टोकावर मोर बसला आहे. खांबापासून २७ हातांवर त्याला साप दिसतो. साप बिळाकडे सरळ यायला निघतो, मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर दोघांची गाठ पडेल? पायथागोरसचा सिद्धांत पुरे आहे, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना अवघड नाही. लहान मुलांनी दोरी आणि खडू घेऊन पार्किंगमध्ये आखून बघावे. ज्यांना गणित करायचे नसेल त्यांनी पुढची गोष्ट लिहावी. गाठ पडल्यावर काय झाले, ते भास्कराचार्यांनी आपल्यावर सोडले आहे.

सेक्रेटरीसाहेब, स्मरणिकेत हे भाषण छापाल तेव्हा कोडे जरूर छापा. उत्तर मात्र कुठेही छापू नका, शेवटच्या पानावर उलट्या अक्षरांतसुद्धा नको. माझी पंधरा मिनिटे संपली.